थेट मत कुणाचे? अमेरिकेचे की मौद्याचे?

मौदा (नागपूर) : अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की तिची चर्चा आपल्याकडेही चौकाचौकांत रंगते. मात्र नागपूर-भंडारा महामार्गावरील मौद्यासारख्या नगरपंचायतीचा मतदार आपला नगराध्यक्ष जसा थेट निवडतो, तसा अमेरिकेचा मतदार आपला राष्ट्राध्यक्ष निवडत नाही, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. 'थेट निवडणूक' आणि 'थेट लोकशाही' हे शब्दही सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतील अप्रत्यक्ष निवड

दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात अमेरिकी नागरिक मतदान करतात, ते तांत्रिकदृष्ट्या निर्वाचक मंडळाच्या सदस्यांसाठी. या मंडळात ५३८ सदस्य असून विजयासाठी २७० मते लागतात. लोकसंख्येनुसार कॅलिफोर्नियाच्या वाट्याला सध्या ५४ सदस्य येतात, तर वायोमिंगला केवळ ३. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता, राज्यात ज्या उमेदवाराला सर्वाधिक मते मिळतात त्याच्या पारड्यात तेथील सर्व निर्वाचक पडतात. मताधिक्य एका मताचे असो वा लाखांचे, फळ तेच.

त्यामुळे देशभरात जास्त मते मिळवूनही उमेदवार पराभूत होऊ शकतो. २००० मध्ये अल गोर यांना जॉर्ज बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मते जास्त होती. परंतु फ्लोरिडातील अवघ्या ५३७ मतांनी बुश यांना सत्ता मिळवून दिली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख मते अधिक पडली, तरी अध्यक्ष ट्रम्प झाले. २०२४ मध्ये मात्र ट्रम्प यांनी निर्वाचक मंडळाची ३१२ मते मिळवली आणि लोकमतातही आघाडी घेतली.

महाराष्ट्राचा हेलकावा

महाराष्ट्राने या प्रश्नावर वारंवार भूमिका बदलली आहे. २००१ मध्ये नगराध्यक्षाची निवड थेट जनतेतून झाली. २००६ मध्ये ती पुन्हा नगरसेवकांकडे गेली. २०१६ मध्ये थेट पद्धत परत आली, पाठोपाठ २०१७ मध्ये सरपंचालाही ती लागू झाली. सरकार बदलल्यानंतर २०२० मध्ये दोन्ही तरतुदी रद्द झाल्या आणि २०२२ मध्ये नव्या सरकारने त्या पुन्हा आणल्या. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका याच पद्धतीने झाल्या. मतदाराने आपल्या प्रभागातील सदस्यपदासाठी आणि त्याबरोबरच स्वतंत्रपणे नगराध्यक्षपदासाठी मत दिले.

थेट निवडीमुळे नगरसेवकांची पळवापळवी आणि घोडेबाजार यांना आळा बसतो, हा समर्थकांचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, असा कौल मिळाला तर नळयोजना, रस्ते, कचरा यांचे ठराव अडून पडण्याची भीती असते. अमेरिकेतही अध्यक्ष आणि संसद यांना स्वतंत्र जनादेश असतो. तेथे २०२५ च्या अखेरीस खर्चाला मंजुरी न मिळाल्याने केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस अंशतः ठप्प होते.

थेट लोकशाही म्हणजे काय?

माणूस निवडणे ही झाली थेट निवडणूक. एखाद्या प्रश्नाचा निर्णय जनतेनेच मत देऊन करणे, ही थेट लोकशाही. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर आजवर एकदाही सार्वमत झालेले नाही. राज्यांत मात्र ती प्रथा रुजली आहे. कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये हा अधिकार स्वीकारला आणि २००३ मध्ये तेथील मतदारांनी मुदतीपूर्वीच गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना पदावरून दूर केले.

मराठी मुलखालाही याचा अनुभव आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. १,७२,१९१ मतदारांनी स्वतंत्र अस्तित्वाच्या बाजूने, तर १,३८,१७० जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले. अवघ्या ३४ हजार मतांनी नकाशा ठरला.

आजही राज्यातील गावांच्या हाती असे एक साधन आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते. 'आडवी बाटली' म्हणजे दुकान बंद, 'उभी बाटली' म्हणजे सुरू. ग्रामसभेचा असाच आणखी एक अधिकार सरपंचाबाबत आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केला, तरी तो ग्रामसभेत गुप्त मतदानाने संमत व्हावा लागतो.

बाटलीच्या मतदानातील खरी मेख आकड्यात आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. साहजिकच कामावर गेलेली, नांदायला दुसऱ्या गावी गेलेली किंवा धाकापोटी घरीच राहिलेली प्रत्येक स्त्री परिणामतः उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. यादीतील मृत व स्थलांतरितांची नावे वगळली नाहीत, तर लढाई मतदानाआधीच अवघड होते.

म्हणूनच अधिकार थेट असणे पुरेसे नाही. तो कोणत्या नियमांनी मोजला जातो, हे अधिक महत्त्वाचे. फ्लोरिडातील ५३७ मते आणि एखाद्या खेड्याच्या यादीतील न वगळलेली नावे एकच गोष्ट सांगतात. मौदा तालुक्यातील मतदारांनी यापुढे उमेदवाराइतकीच मतदारयादी आणि मतमोजणीचे नियमही पारखून घ्यावेत. कौल अनेकदा तेथेच ठरत असतो.