गाणारी गेली, खरखर राहिली

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या या दुकानात फोन उघडण्याआधी गाणं ऐकतात. काउंटर जेमतेम चार फुटांचा. त्यावर निळी रबरी मॅट, स्क्रू ठेवायला छोटे कप्पे, हॉट एअर गन, मल्टिमीटर, थिनरची बाटली आणि दात घासायचा एक जुना ब्रश. मागे टेम्पर्ड ग्लासच्या पाकिटांची अख्खी भिंत. कारागीर पंचविशीतला, भिंगाचा पट्टा कपाळावर सरकवलेला. माझ्या फोनची बॅटरी होलसेलवाल्याकडून यायची आहे, तोवर मला स्टूल मिळालंय.

"भावा, स्पीकर गेलाय बघ. गाणं फाटायलंय."

आलेला गडी कारखान्याच्या निळ्या शर्टात आहे. कारागीर फोन हातात घेत नाही. "लाव की एखादं," एवढंच म्हणतो. गडी ढोल-ताशाचं काहीतरी लावतो. ताशा स्वच्छ वाजतोय, पण ढोलावर थाप पडली की खालून 'घर्र' येतं. कारागीर मान तिरकी करून ऐकतो आणि बोटानं आवाज निम्म्यावर आणतो. घरघर आहे तशीच. आणखी खाली. तरी ढोलामागं ती आहेच.

मग खणातून गुंडाळलेला इअरफोन काढून खोचतो, एक कानात घालतो, दुसरा गड्याला देतो. दोघं काउंटरच्या दोन बाजूंना वाकून एकाच वायरीवर ढोल ऐकतायत. आवाज चोख.

"गाणं चांगलं, फोन चांगला. रिंगर खराब हाय." खालच्या मोठ्या स्पीकरला या धंद्यात रिंगर म्हणतात; स्पीकर म्हणजे वरचा, कानाला लावायचा. गिऱ्हाईक स्पीकर म्हणत येतं आणि बहुतेकदा रिंगर बदलून जातं.

मला त्याची ही पद्धत आवडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. आपण घरी काय करतो? आवाज बिघडला की फोन बंद-चालू करतो, सेटिंगमध्ये चार ठिकाणी बोटं घालतो, ॲप काढून परत टाकतो. चुकून सुधारलाच तर कशानं सुधारला ते कळत नाही, आणि नाही सुधारला तर आता काय काय बिघडवून ठेवलंय तेही कळत नाही.

भिंग डोळ्यांवर येतं. तो फोनची खालची कड दिव्याखाली धरतो आणि हसतो. "शिरोलीला काय रं कामाला?"

"व्हय. तुला काय म्हाईत?"

उत्तर देण्याऐवजी तो भिंग मला देतो. रिंगरच्या जाळीवर काळी, बारीक, ताठ उभी लव आहे, चिडलेल्या मांजराच्या पाठीवर असते तशी. ब्रश फिरवला की आडवी होते आणि पुन्हा उभी राहते. ही बिडाची भुकटी. पोलाद लेथवर धरलं की त्याची लांब गुंडाळी निघते, बीड मात्र चुरा होऊन उडतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बिडाचं ओतकाम आणि त्यावरचं मशिनिंग भरपूर. फोन लेथशेजारी गाणी म्हणत पडलेला असतो, आणि त्याच्या रिंगरमध्ये लोहचुंबक असतो. चुंबक काय करणार? आलेलं लोखंड धरून ठेवणार.

"हवा मारतोस का ह्याच्यावर?"

"रोज. सुट्टी झाली की अंगावर मारतो, तवा मोबाईलवर बी मारतो."

"तिथंच घोळ झालाय."

कॉम्प्रेसरची हवा जाळीवरचा जाड चुरा उडवते, पण त्यातलाच बारीक चुरा जाळीतून आत रेटते. आत एक पातळ पडदा असतो, त्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या अरुंद फटीत पुढेमागे हलतं. फट मिलिमीटरभरही नसते. वरच्या सुरांना पडदा जेमतेम थरथरतो, म्हणून ताशा आणि गाणाऱ्याचा आवाज ठीक येतो. ढोलासारख्या खालच्या सुरांना त्याला लांबवर हलावं लागतं, आणि तेव्हा वेटोळं फटीतल्या कणांना घासतं. आवाज कमी केला तरी घरघर का जात नव्हती, तेही यातूनच उमगतं. ॲम्प्लिफायरवर ताण पडून आवाज फाटत असता, तर आवाज उतरवल्यावर फाटणं थांबलं असतं.

तो आधी मऊ पुट्टीचा गोळा जाळीवर दाबून उचलतो. गोळा काळा होतो. पुन्हा ढोल. घरघर कमी झालीय, गेलेली नाही. मग मात्र पाठीला गरम हवा, कडेत प्लॅस्टिकची पिक, सहा-सात स्क्रू, आणि रिंगरची चौकोनी डबी मॅटवर येते. मल्टिमीटरच्या दोन टोकांत ती आठ ओहमच्या किंचित खाली दाखवते. "कॉइल जिवंत हाय," तो म्हणतो. कॉइल तुटली असती तर फोन मुका झाला असता, घरघरला नसता. नवी डबी बसते. पाठ चिकटवण्याआधी तोच ढोल पुन्हा लागतो, आणि गडी खिशातून पैसे काढायला लागतो.

"कामावर डब्यात ठेवत जा रं. नायतर दिवाळीला परत येशील."

मधल्या वेळात एक कॉलेजचा मुलगा येतो. त्याचा फोन रिंगरवर फाटतो, इअरफोनवरही फाटतो, आणि आवाज उतरवला की तेवढंच फाटणं हळू आवाजात ऐकू येतं. कारागीर इक्वलायझर उघडतो. सगळ्या पट्ट्या वर टेकलेल्या आहेत. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत लाटेची उंची आकड्यात मोजतात आणि तो आकडा 32,767 च्या वर जाऊ शकत नाही. आधीच जोरात भरलेलं गाणं आणखी वर ढकललं की लाटांचे शेंडे तिथं सपाट कापले जातात. त्यानंतर आवाज कितीही उतरवला तरी कापलेली लाटच खाली येते. पट्ट्या मधोमध आणल्या जातात. मुलाला आता गाणं 'बारीक' वाटतंय. तो नाराज होऊन जातो, आणि दुकान ओलांडल्याबरोबर पट्ट्या परत वर करणार यावर कारागीर माझ्याशी पैज लावायला तयार आहे.

मग धोतर-सदऱ्यातले काका येतात. सत्तरीचे असावेत. फोन वरच्या खिशात, इअरफोनची वायर गळ्यात.

"बाळ, यातून बाई गेल्या."

"कुठल्या बाई, काका?"

"केसरबाई."

कारागीर माझ्याकडे बघतो. मी काही बोलण्याआधी काका स्वतःच सांगायला लागतात. केसरबाई केरकर, अल्लादियाखाँच्या शिष्या. खाँसाहेब इथंच असायचे, शाहू महाराजांच्या दरबारी. बाईंच्या जुन्या तबकड्यांवरची गाणी कुणीतरी त्यांना फोनमध्ये घालून दिली आहेत, तीन-तीन मिनिटांची. "बाईंची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात पाठवली. ती यानं सूर्यमालेच्या कुठल्या कुठं गेली आणि इथं माझ्या कानात काही येईना. नुसती तबकडीची खरखर येते. बाई लांब कुठंतरी, विहिरीच्या तळाशी."

"दुसरी गाणी?"

"तेच तर. सिनेमाचं गाणं लागतं. पेटी येते, व्हायोलिनं येतात, सगळा वाद्यवृंद येतो. गाणाराच नाही!"

कारागीर हातातलं काम बाजूला ठेवतो. बाकीच्यांचं त्यानं ऐकून घेतलं होतं. काकांना तो प्रश्न विचारतोय. वायर नवी आहे का? नाही. फोन पडला का? नाही. हळूहळू झालं की एकदम? एकदम. वायर काढून लावलं तर? "छान येतं. पण घरात सून अभ्यास घेत असते नातीचा."

तो काकांचा इअरफोन कानात घालतो, सिनेमातलं गाणं लावतो आणि वायरीवरचं माईकचं बटण दाबून धरतो. जुन्या काही फोनांत माईक आणि ग्राउंड यांच्या जागा उलट्या असत. तसला इअरफोन आजच्या फोनला लावला तर गाणारा असाच गायब होतो, आणि बटण दाबून धरलं की परत येतो. इथं बटण दाबून काही होत नाही. म्हणजे ते नाही.

मग सेटिंगमध्ये सुलभतेच्या पानावर जाऊन तो मोनो ऑडिओ चालू करतो, आणि इअरफोन मला देतो. व्हायोलिनंही गेली. कानात जवळजवळ शांतता आहे.

"बघा काका. ग्राउंड सुटलाय."

काकांना हे पुरत नाही, म्हणून तो पिन काढून दाखवतो. तीन काळ्या रेघा, त्यांनी पाडलेले चार धातूचे भाग. टोक डाव्या कानाचं, त्याखालचं कडं उजव्या कानाचं, तिसरं दोघांचं मिळून ग्राउंड, शेवटचं माईकचं. दोन्ही कानांतून वीज त्या तिसऱ्या कड्यावाटे परत जायची असते. ती वाट तुटली की डावीकडची वीज उजव्या कानातूनच परत जायला बघते, आणि कानात उरतो तो डाव्या-उजव्यातला फरक. सिनेमाच्या गाण्यात वाद्यं डावी-उजवीकडे पसरून ठेवलेली असतात आणि गाणारा बरोबर मध्ये, म्हणजे दोन्हीकडे सारखा. सारख्यातून सारखं गेलं की शून्य. गाणारा वजा होतो, मागं त्याचा थोडा घुमारा राहतो.

"आणि बाई?"

इथं तो अडतो. मला मात्र राहवत नाही आणि मी मध्ये तोंड घालतो. बाईंच्या त्या तबकड्या मोनो. डावं-उजवं असं त्यात काही नाहीच. सगळं गाणं दोन्हीकडे सारखं, तेव्हा सगळंच वजा झालं. खरखर तेवढी उरली, कारण तबकडीवरचे ओरखडे आणि धूळ खाचेच्या दोन्ही भिंतींवर सारखी नसते. आजच्या स्टीरिओ सुईनं तबकडी वाजवून फोनमध्ये घेतली की ओरखडे डावीकडे वेगळे, उजवीकडे वेगळे उतरतात.

"म्हणजे बाई तंतोतंत सारख्या म्हणून गेल्या," काका म्हणतात. त्यांना हे अजिबात आवडलेलं नाही.

कारागीर पिन पुन्हा खोचतो आणि भिंगाखाली धरतो. पिनेचा प्लॅस्टिकचा ठोकळा फोनच्या कडेला टेकत नाहीये, मध्ये नखभर फट आहे. तो फोन बंद करतो आणि बांबूची टूथपिक घेतो. टाचणी का नाही, असं मी विचारतो. आतल्या पात्या वाकतात, म्हणून. टूथपिक भोकाच्या कडेनं आत जाते, तळाशी फिरते, आणि करड्या कापसाची घट्ट चकती बाहेर येते. सदऱ्याच्या खिशातला सगळा तंतू पिनेनं रोज थोडा थोडा तळाशी ठोकत नेलेला. चकतीला काहीतरी हिरवट चिकटलंय. तो ते चिमट्यानं उचलतो.

"बडीशेप, काका."

काका खिसा चाचपतात आणि पुडी दुसऱ्या खिशात टाकतात.

पिन आता 'टक्' करून बसते. फोन चालू होतो, मोनोचं बटण परत बंद होतं, केसरबाई लागतात. कारागीर एक कान स्वतः ठेवतो, एक काकांना देतो. तबकडी संपेपर्यंत तो काढत नाही. बाहेर कुणीतरी चार्जर आहे का विचारतंय आणि त्याला उत्तर मिळत नाही.

"किती झाले?"

"साफ करायचे काय पैसे, काका."

काका मात्र उठत नाहीत. आणखी एक आहे. नातीचं पहिलं गाणं, गणपतीच्या मंडपातलं, त्यांनी स्वतः फोनवर घेतलेलं. ते फाटतंय. रिंगरवर फाटतं, इअरफोनवर फाटतं, दुकानातल्या ब्लूटूथ स्पीकरवरही तसंच फाटतं. कारागीर ते एका ॲपमध्ये उघडून लाट मोठी करतो. प्रत्येक लाटेचा माथा सपाट आहे. "कुठं बसला होता?" अगदी पुढं, साउंड बॉक्सच्या समोर, म्हणजे नीट यावं म्हणून. माईकला झेपेना एवढा आवाज होता, शेंडे घेतानाच कापले गेले. अंदाजानं शेंडे जोडून देणारी सॉफ्टवेअर असतात, पण एवढं कापलेलं त्यांनीही धड होत नाही. पोरीचा वरचा सा त्यात नाहीच, तर आणायचा कुठून? पुढच्या वेळी बॉक्सपासून लांब बसा, तो सांगतो, आणि आधी दोन मिनिटं घेऊन ऐकून बघा.

काका थोडा वेळ त्या सपाट माथ्यांकडे बघत राहतात.

"रविवारी तिचं परत आहे. तू येशील घ्यायला?"

"दुकान कोण बघणार, काका?"

"रविवारी संध्याकाळी बंदच असतं की तुझं. मी येतो ना या रस्त्यानं."

तो कपाळावरचा पट्टा काढून मॅटवर ठेवतो. "किती वाजता?"

"सहा."

"येतो. पण फोन माझा आणतो."