नेमबाज स्पर्धेत का उतरतो? स्पर्धाप्रेरणेविषयी काही विचार

नाशिकहून मुंबई–आग्रा मार्गाने ईशान्येस सुमारे ६५ किलोमीटर गेले म्हणजे सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी चांदवड लागते. वर किल्ला, खाली अहिल्याबाई होळकरांच्या काळाची आठवण देणारा रंगमहाल, आणि पेशवाईच्या उत्तरकाळात चलनात मान्यता पावलेला चांदवडी रुपया, ही या गावाची जुनी ओळख. किल्ल्यावर ज्या काळी शिबंदी असे, त्या काळी नेम धरण्याचे कारण कोणास विचारावे लागत नसे. १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने चांदवड घेतले आणि ते कारण संपले. नेमबाजी मात्र संपली नाही. तिने संरक्षणाशी असलेला संबंध सोडला आणि ती क्रीडा झाली. जी कृती एके काळी गरजेपोटी होत असे, ती गरज सरल्यावरही माणसे का करतात, आणि केवळ करून न थांबता स्पर्धेत का उतरतात, हा मानसशास्त्राच्या अभ्यासकास विचारात पाडणारा प्रश्न आहे.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कुस्तीच्या फडात किंवा कबड्डीच्या मैदानात प्रेक्षकांचा गजर असतो, प्रतिस्पर्धी अंगाला भिडतो, आणि विजयाचा आनंद सर्वांना दिसतो. नेमबाजीत यातले जवळजवळ काहीच नाही. स्पर्धक एका रांगेत उभे राहतात, एकमेकांकडे पाहतही नाहीत, आणि प्रत्येकाचे लक्ष्य वेगळे असते. एका स्पर्धकाच्या कृतीने दुसऱ्याचा छर्रा हलत नाही. मग प्रत्येकाने आपल्या घरी, आपल्या सोयीने साठ छर्रे मारून गुण लिहून ठेवले, तर काय बिघडते? स्पर्धेच्या ठिकाणी जाणे, प्रवेशशुल्क भरणे, प्रवासाचा आणि साहित्याचा खर्च सोसणे आणि पराभवाचा धोका पत्करणे, या सर्वांचे प्रयोजन काय? प्रस्तुत लेखात या प्रयोजनांची फोड करून पाहावयाची आहे.

१. कौशल्याची ओढ

पहिले प्रयोजन कृतीतच दडलेले आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ हे वर्तुळ कसले, तो केवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो; त्याचा वेध घेणारा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एवढ्या सूक्ष्म लक्ष्यासाठी श्वास, पायांची ठेवण, खांद्याचा भार, बोटाचा दाब आणि मनाची स्थिरता यांचा मेळ बसावा लागतो. हृदयाचा ठोकाही नळीच्या टोकाशी जाणवतो. हा मेळ साधल्याचा अनुभव स्वतःच सुखद असतो, आणि या सुखासाठी कृती करण्याच्या वृत्तीस आंतरिक प्रेरणा असे म्हणतात.

कौशल्याला अंत नाही, ही या ओढीची खूण होय. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळविले. चाळीस छर्रे आणि चाळीसही दहा. येथे कोणी म्हणेल, की पूर्णत्व आले, आता काय राहिले? परंतु पुढे एअर रायफलचे गुण दशांशात मोजले जाऊ लागले आणि ‘दहा’चेही १०.० ते १०.९ असे भाग पडले. पूर्णत्व म्हणून जे गणले जात होते, ते मोजपट्टी अधिक बारीक होताच एक पायरी ठरले.

तथापि या ओढीने नेमबाजीचे स्पष्टीकरण होते, स्पर्धेचे होत नाही. त्यासाठी पुढे जावे लागेल.

२. प्रमाणित मोजमापाची गरज

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये असे प्रतिपादन केले, की मनुष्यास आपली क्षमता अजमावून पाहण्याची स्वाभाविक इच्छा असते आणि वस्तुनिष्ठ माप उपलब्ध नसेल तेव्हा तो इतरांशी तुलना करतो. नेमबाजाजवळ वस्तुनिष्ठ माप असतेच, कारण गुण कागदावर किंवा पडद्यावर दिसतात. मग तुलनेची गरज का भासावी?

याचे उत्तर चांदवडच्या टांकसाळीच्या दृष्टांताने देता येईल. चांदीचा तुकडा घरी तोलला तरी त्याचे वजन तेच भरते. परंतु मान्य टांकसाळीचा छाप पडेपर्यंत तो बाजारात रुपया म्हणून चालत नाही. सरावात मिळालेले गुण अशा चांदीसारखे असतात. ते खरे असतात, पण ते कोणत्या परिस्थितीत मिळाले, वेळेचे बंधन होते काय, बिघडलेला छर्रा मोजला गेला काय, हे एकट्या नेमबाजासच ठाऊक. स्पर्धेतील गुणांवर नियम, वेळ आणि पंच यांचा छाप असतो. म्हणूनच अनेक नेमबाज पदकाची आशा नसतानाही स्पर्धेत उतरतात. त्यांना इतरांना हरवावयाचे नसते. स्वतःविषयीचे एक विधान सिद्ध करून घ्यावयाचे असते.

३. अडचणीची योग्य पायरी

डेव्हिड मॅक्लेलंड आणि जॉन ॲटकिन्सन यांनी १९५० नंतरच्या दशकात संपादन-प्रेरणेचा जो अभ्यास केला, त्यात खुंटीवर कडी फेकण्याचा खेळ प्रसिद्ध आहे. किती अंतरावरून कडी फेकावयाची हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे असे. ज्यांची संपादन-प्रेरणा प्रबळ, ते अगदी जवळ उभे राहत नसत आणि फार दूरही जात नसत. जवळून फेकण्यात यश निश्चित, पण समाधान नाही. फार लांबून फेकण्यात यश आले तरी ते दैवाचे. मधल्या अंतरावर यश आपल्या प्रयत्नाचे ठरते.

नेमबाजीत अंतर नियमानेच ठरलेले असते. दहा, पंचवीस किंवा पन्नास मीटर. त्यामुळे ही निवड दुसऱ्या मार्गाने होते. नेमबाज अंतर निवडत नाही, तो स्पर्धेची पायरी निवडतो. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिच्या संस्थापकांत अग्रणी होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राज्यस्तर आणि राष्ट्रीय स्तर यांमधील एक पायरी आहे. किमान गुण मिळविल्याखेरीज वरची पायरी खुली होत नाही. या रचनेमुळे प्रत्येक नेमबाजासमोर त्याच्या शक्तीच्या किंचित पलीकडचे एक ध्येय सतत उभे राहते. पदक एकालाच मिळते, परंतु पात्रतेचे गुण अनेकांना मिळू शकतात. म्हणून अशा रचनेत हरणाऱ्यांचीही उमेद टिकते.

४. सोबत आणि परंपरा

नेमबाजी एकट्याची कृती असली तरी नेमबाज एकटा घडत नाही. अंजली भागवत मुंबईत महाविद्यालयात असताना एनसीसीच्या मार्गाने या खेळात आल्या. संजय चक्रवर्ती यांच्या मार्गदर्शनाखाली त्या, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे अशा अनेक मुली तयार झाल्या. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत अंतिम फेरीत पोहोचल्या. २००४ मध्ये अथेन्स येथे तोच मान सुमा शिरूर यांना मिळाला. दीपाली देशपांडे पुढे प्रशिक्षिका झाल्या आणि त्यांच्या शिष्यांत स्वप्नील कुसाळे यांचा समावेश आहे. आपल्याबरोबर सराव करणारी मैत्रीण जागतिक स्पर्धेत पोहोचते हे पाहिले, म्हणजे ती पायरी अशक्य कोटीतून शक्य कोटीत येते. स्पर्धा ही अशा समूहाची भेटण्याची जागाही असते. वर्षानुवर्षे स्पर्धेस येणाऱ्या मध्यम प्रतीच्या नेमबाजांचा विचार या प्रेरणेवाचून पुरा होत नाही.

५. उपजीविका आणि पारितोषिक

बाह्य प्रेरणेकडे तुच्छतेने पाहण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेत खेळाडूंची भरती होते, शालान्त परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. कांद्याच्या भावावर आणि पावसाच्या लहरीवर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, अशा चांदवड तालुक्यातील कुटुंबाने मुलाच्या खेळाकडे नोकरीच्या दृष्टीने पाहिले, तर त्यात गैर ते काय? कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे. २००९ मध्ये ते शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले, नाशिक येथे नेमबाजी शिकले आणि २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या नोकरीत लागले. या नोकरीने त्यांच्या सरावाला पाया दिला.

प्रश्न निराळाच आहे. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना जुळणीची कोडी सोडविण्यास दिली. ज्यांना त्यासाठी पैसे दिले, त्यांची पैसे बंद झाल्यावर कोड्यांतील गोडी कमी झालेली आढळली. पुढे त्यांनी आणि रिचर्ड रायन यांनी एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. पारितोषिक जेव्हा ‘तुझे कौशल्य येथवर आले’ असे सांगते तेव्हा ते गोडी वाढविते. जेव्हा ते ‘हे कर, म्हणजे हे मिळेल’ असा अंमल गाजविते तेव्हा गोडी घटविते. तेच प्रमाणपत्र या दोहोंपैकी कोणतेही काम करू शकते. ज्या मुलास केवळ वाढीव गुणांसाठी स्पर्धेस पाठविले, तो गुण हाती पडताच रायफल खाली ठेवील, ही भीती अनाठायी नाही.

६. कसोटीची आवड

आता शेवटचे, आणि माझ्या मते नेमबाजीस विशेषत्वाने लागू पडणारे प्रयोजन पाहू. रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की इतरांच्या उपस्थितीत मनुष्याची उत्तेजना वाढते आणि त्याची जी प्रतिक्रिया सर्वांत मुरलेली असेल ती बळावते. काम नवखे असेल तर चुका वाढतात, अंगवळणी पडलेले असेल तर ते सुधारते. धावपटूस ही उत्तेजना उपयोगी पडते, कारण ती पायांना बळ देते. नेमबाजास मात्र ती शत्रू ठरते. त्याला हवी असते निश्चलता.

म्हणजे नेमबाज स्पर्धेत उतरतो तेव्हा तो जाणूनबुजून अशा ठिकाणी जातो, जेथे त्याचे काम अधिक कठीण होणार असते. घरी ही कठीणता निर्माणच करता येत नाही. एकांतात हात स्थिर राहणे ही एक क्षमता आहे; एका चुकीने वर्षाचे श्रम वाया जातील हे ठाऊक असता हात स्थिर राहणे ही दुसरी. स्पर्धेशिवाय या दुसऱ्या क्षमतेचा उगमही होत नाही आणि तिचे मापही होत नाही. पोटातील गोळा आणि कोरडा पडलेला घसा अनुभवूनही माणसे पुनःपुन्हा परततात ती यामुळे.

कुसाळे यांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. २०२२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत ते चौथे आले. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळाले, परंतु वैयक्तिक स्पर्धेत एका वाईट गोळीने त्यांना पुन्हा चौथ्या स्थानावर ढकलले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत, पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवे असलेले कुसाळे अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनी तिसरे आले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. केवळ पदकाची प्रेरणा असती तर दोन वेळा चौथे येणे ती खचविण्यास पुरेसे होते.

तेजस्विनी सावंत यांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. २०१० मध्ये म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात त्या जगज्जेत्या झाल्या. परंतु महिलांचा हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. जगात पहिले येऊनही त्यांना वेगळ्या प्रकारात पुन्हा पात्रतेची पायरी चढावी लागली, आणि २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या वयाच्या चाळिशीत प्रथम उतरल्या. कीर्ती हाती आल्यानंतरची ही अकरा वर्षे कीर्तीच्या लोभाने उलगडत नाहीत.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की स्पर्धेत उतरण्याची प्रेरणा एक नसून अनेकपदरी आहे, आणि तिचे पदर काळानुसार बदलतात. आरंभी सोबत व उत्सुकता, मग प्रमाणपत्र व उपजीविका, पुढे कौशल्याचे माप, आणि जे टिकतात त्यांच्या ठायी कसोटीचीच आवड. जॉन निकोल्स यांनी १९८४ मध्ये केलेला भेद येथे उपयोगी पडतो: यशाची कल्पना ‘दुसऱ्यापेक्षा वरचढ’ अशी असते किंवा ‘कालच्या आपल्यापेक्षा सरस’ अशी. पहिली कल्पना प्रबळ पण नाजूक असते. दुसरी संथ पण चिवट.

याचा व्यावहारिक अर्थ तालुक्याच्या गावांसाठी मोठा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार १७७ बोअरच्या, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या, मर्यादित शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि दहा मीटरची सुरक्षित जागा एखाद्या शाळेच्या दालनातही करता येते. साधनांची अडचण आहेच. परंतु खरी उणीव वेगळी आहे. चांदवडसारख्या ठिकाणच्या मुलामुलींना पहिली स्पर्धा दूरच्या शहरात, अनोळखी गर्दीत आणि वाढीव गुणांच्या ओझ्याखाली द्यावी लागत असेल, तर कसोटीची आवड लागण्यापूर्वीच भीती बसते. दर महिन्यास गावातच छोटी चाचणी-स्पर्धा भरवावी, पंच आणि वेळेचे बंधन काटेकोर असावे, आणि निकालात क्रमांकापूर्वी प्रत्येकाच्या मागील गुणांशी तुलना जाहीर व्हावी. अशा स्पर्धेतून ऑलिंपिकवीर निघेलच असे नाही. परंतु नोकरी लागल्यानंतरही, किंवा न लागली तरीही, रायफल खाली न ठेवणारी माणसे त्यातूनच निघतील. आणि पुढील पिढीला नेम धरावयास शिकविणारे तेच असतील.