नावाच्या जागी मोकळी जागा

एस्थर यी यांची ‘वाय/एन’ ही इंग्रजी कादंबरी २०२३ मध्ये आली. बर्लिनमध्ये राहणारी तरुणी कोरियन बँडमधल्या मून नावाच्या गायकाला मंचावर पाहते आणि त्याच्यापायी वेडी होते. तो बँड सोडतो तेव्हा ती सगळे टाकून थेट सोल गाठते. पुढचे कथानक स्वप्नासारखे विचित्र आहे. शीर्षक मात्र साधे: ‘तुमचे नाव’. चाहते कलाकारांवर ज्या गोष्टी लिहितात, त्यात नायिकेच्या नावाऐवजी ही दोन अक्षरे असतात. तिथे वाचकाने स्वतःला बसवायचे. या तरुणीला कादंबरीत स्वतःचे नावच नाही.

रेडिओ-टीव्हीवरच्या माणसाशी जुळणाऱ्या अशा एकतर्फी नात्याची मांडणी हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच केली होती. पुढे मॅककचन आणि सहकाऱ्यांनी ते आजाराकडे कसे झुकते, हे सांगितले. आधी तल्लीनता येते; मग दारूसारखा डोस वाढवावा लागतो. बहुतेकांचे वेड गप्पा आणि करमणुकीपुरतेच राहते, हेही तितकेच खरे. शाळेच्या वहीवर नटाचा फोटो चिकटवणारी मुलगी आजारी नसते.

काळजी कधी करायची? झोप उडाली, अभ्यास किंवा काम सुटले, उसने पैसे घेऊन खर्च होऊ लागला, त्या कलाकारावरची टीका स्वतःवरचा घाव वाटू लागली, तर. ‘त्याला माझ्या मनातले कळते’ अशी खात्री वाटू लागली, तर थांबूच नये. हिंगोलीत काय किंवा सेनगावात काय, कलाकार आता रात्री दोनलाही उशाशी, मोबाइलमध्ये असतो.

भक्तीला आजाराच्या तराजूत घालायचे कारण नाही. तरी याच जिल्ह्यातल्या नर्सीशी नाव जोडलेल्या नामदेवांची कथा इथे आठवते. विठ्ठलाचे एवढे लाडके, पण गोरोबाकाकांनी त्यांना ‘कच्चे मडके’ ठरवले. मग औंढ्याला विसोबा खेचरांनी देव एकाच मूर्तीत नसल्याचे दाखवले. प्रेम आटले नाही, ते रुंदावले. नामदेव पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत.

घरच्यांनी पोस्टर फाडू नये, मोबाइल आपटू नये. त्या गायकात काय आवडते, हे आधी विचारावे आणि ऐकून घ्यावे. एकटेपणा, परीक्षेची भीती, घरातली भांडणे बऱ्याचदा तिथेच सापडतात. गरज वाटल्यास सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.