सूक्ष्मांच्या जगात – भाग ७ : माकडतापाचा विषाणू

गेल्या आठवड्यात आपण जिवाणू पाहिले. ते खातात, वाढतात, दुभंगून एकाचे दोन होतात. विषाणू पेशीबाहेर असताना यातलं काहीच करत नाही. त्याला सजीव म्हणायचं की निर्जीव, हा वाद जुना आहे आणि मला तो फारसा कामाचा वाटत नाही. पेशीत शिरल्यावर तो काय करतो, ते पाहावं. त्यासाठी आज एकच विषाणू घेऊ, आपल्या सह्याद्रीतला.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. माकडं मरताहेत म्हणजे पीतज्वर तर भारतात शिरला नाही ना, अशी धास्ती पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची एनआयव्ही) नमुने तपासले, तेव्हा निघाला नवाच विषाणू. त्याच्या आजाराला त्या जंगलाचंच नाव मिळालं. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आढळला, पुढच्या वर्षी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. तिथले काजू बागायतदार त्याला ‘माकडताप’ म्हणून चांगलेच ओळखतात.

हा विषाणू जेमतेम ५० नॅनोमीटरचा. आत आरएनएचा एक धागा, भोवती प्रथिनांचं कवच, त्यावर स्निग्ध आवरण. एवढाच त्याचा संसार. धाग्यावर सुमारे ११,००० अक्षरांचा मजकूर असतो; माणसाच्या जनुकीय मजकुरात ३०० कोटी अक्षरं असतात. पण तेवढ्यावर भागतं. विषाणू चिकटला की पेशीच त्याला आत ओढून घेते. आत धागा मोकळा होतो आणि पेशीतले रायबोसोम तो घरचाच निरोप समजून वाचू लागतात. त्यातून दहाएक प्रथिनं तयार होतात. काही धाग्याच्या नकला काढतात, काहींची नवी कवचं होतात. माल पेशीचा, ऊर्जाही पेशीची. प्रतिजैविकं इथे निकामी ठरतात ती याचमुळे. ती जिवाणूच्या यंत्रणेवर घाव घालतात. विषाणूकडे स्वतःची म्हणावी अशी यंत्रणा जवळजवळ नसतेच.

आता हाच विषाणू वेगवेगळ्या अंगांत पाहा. गोचिडीत तो मुक्कामाला असतो. ती लहान असताना शिरला तरी कात टाकून मोठी होईपर्यंत तिच्यात टिकतो, आणि तिला काही होत नाही. रानातल्या उंदरांच्या, चिचुंद्र्यांच्या रक्तात तो थोडे दिवस फिरतो. त्यांचंही फारसं बिघडत नाही. वानर-माकडं मात्र पटापट मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून पाचोळ्यात पसरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते.

त्या पाचोळ्यात माणूस काजू, सरपण गोळा करायला जातो. गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी. काहींना रक्तस्राव होतो, काहींना ताप उतरून पुन्हा चढतो आणि मेंदूपर्यंत जातो. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. यात विषाणूच्या पदरात काही पडत नाही, कारण हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. माणसाच्या अंगात त्याची वाट संपते. विषाणू तोच, तो जीव घेईल की गुपचूप राहील, हे कुणाच्या अंगात शिरला यावर ठरतं.

यावर नेमकं औषध अजून नाही. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, आणि काजूचाही साधारण तोच. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला आरोग्य खात्याने दिलेलं गोचीडरोधक तेल लावा, परतल्यावर कढत पाण्याने आंघोळ करा, कपडेही गरम पाण्यात भिजवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका. वनखात्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.