भारतीय मुलांना दार बंद असलेलं स्काऊट आपल्या शाळेत कसं आलं?

मोहाडी तालुक्यातलं करडी असो की भंडारा जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, शाळेत स्काऊटचं पथक असेल तर १५ ऑगस्टच्या सकाळी ते लगेच ओळखू येतं. गळ्यात स्कार्फ आणि सलाम करताना तीन बोटं. हे सगळं आता शाळेचंच वाटतं. सुरुवातीला मात्र ते आपल्या मुलांसाठी नव्हतंच.

बेडन-पॉवेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९०७ मध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर भरवलं. १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरूला पथक काढलं. १९११ मध्ये जबलपूरला गाईडचं, म्हणजे मुलींचं पथक निघालं. जबलपूर आणि भंडारा तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते, राजधानी नागपूर. चळवळ प्रांतात इतक्या लवकर आली खरी, पण ही पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींची होती.

मग भारतीयांनी स्वतःच्या संघटना काढल्या. मद्रासकडे ॲनी बेझंट यांनी, अलाहाबादला मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या सेवा समितीने. गाठी मारणं, प्रथमोपचार, तंबू ठोकणं यावर त्यांचा राग नव्हता. राग होता तो बंद दारावर. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि भारतीय मुलांना अधिकृत संघटनेत प्रवेश मिळाला. बेझंट यांची संघटना तिच्यात गेली, सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. १९३७ मध्ये भारतीयांबद्दलच्या बेडन-पॉवेल यांच्या उद्गारांनी पुन्हा भडका उडाला आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली.

विदर्भाच्या दृष्टीने या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस म्हणजे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे ते नातू. कायद्याच्या पुस्तकांत त्यांचं नाव सर्वोच्च न्यायालयातल्या निकालांसाठी येतं. पण १९२१ ते १९३४ या काळात ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या स्काऊट संघटनेचे मानद सचिव होते, नंतर प्रांतिक आयुक्त झाले. स्वातंत्र्यानंतर देशपातळीवरचं स्काऊटचं नेतृत्वही त्यांच्याकडे आलं. दोन्ही संघटना एकत्र आणण्याच्या बोलण्यांत कुंझरूंच्या बरोबर बोस होते, आणि प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासाही. ७ नोव्हेंबर १९५० ला 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गाईडही तिच्यात आल्या.

बेडन-पॉवेल यांच्या मूळ वचनात देव आणि राजा यांच्याविषयीचं कर्तव्य होतं. आजच्या वचनात राजाच्या जागी देश आहे आणि 'ईश्वर' न म्हणता 'धर्म' म्हणायचीही मुभा आहे. एका शब्दाचा हा बदल छोटा वाटतो, पण मधे चाळीस वर्षांचं भांडण आहे.

भंडारा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तसा इथल्या पथकांचा राज्यस्तरही बदलला. गावातली व्यवस्था मात्र साधी आहे. सहा-आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक, असे काही संघ मिळून पथक. ते चालवतात प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, आपले तास सांभाळून. त्यामुळे लहान शाळेत पथकाचं सगळं त्या एका गुरुजींवर किंवा बाईंवर असतं. त्यांची बदली झाली आणि नवीन कोणी प्रशिक्षणाला गेलं नाही, तर स्कार्फ कपाटातच राहतात.