गरोदर मातेचा आहार आणि डॉ. कमला सोहोनी यांचे संशोधन

वाशीच्या दाणा बाजारात तूर, मूग, वाल, चवळी यांची पोती उतरतात. आपण दाणा, रंग व ओलावा पाहून भाव ठरवितो. त्या दाण्यातील प्रथिन खाणाऱ्याच्या अंगी किती लागते, हे बाजारात कोणी विचारत नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांनी हाच प्रश्न हाती घेतला होता.

रसायनशास्त्राची पदवी असूनही १९३३ मध्ये केवळ स्त्री म्हणून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. चिकाटीने तो मिळविल्यावर त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. तीही आपल्या ओळखीच्या बटाट्यावर काम करून!

पुढे मुंबईत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या अन्नपदार्थांतील ट्रिप्सिनरोधक घटक तपासले. ट्रिप्सिन हा आतड्यात प्रथिने पचविणारा पाचक रस होय. कच्च्या कडधान्यातील रोधक घटक त्याचे काम अडवितात. म्हणजे ताटात प्रथिन आहे, पण शरीराला पुरते मिळत नाही. उष्णतेने हे घटक बहुतांशी निकामी होतात. म्हणून कडधान्य रात्रभर भिजवावे, भिजवलेले पाणी टाकून द्यावे व दाणा बोटाने सहज चेपेल इतका शिजवावा. गरोदर बाईच्या ताटात अर्धकच्ची उसळ वाढू नये. वरून लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा मात्र हेच लोह अडवितो. उन्हातून आलेल्या बाईला चहाच हवासा वाटतो, हे मान्य. पण तो तासाभराने घ्यावा.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनींनी नीरेवरही काम केले. त्यांना नीरेत जीवनसत्त्वे व लोह आढळले आणि कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

तथापि, नीरेचे रसायन समजून घेतल्याखेरीज ती घरात आणू नये. रस गोड असल्याने त्यात यीस्ट झपाट्याने वाढते व साखरेचे मद्य होते. यासाठी मडक्याला आतून चुना लावतात, रस पहाटे उतरवितात व लगेच थंड करतात. फेसाळलेली वा आंबूस वास येणारी नीरा म्हणजे ताडीच. ती गरोदर स्त्रीला मुळीच देऊ नये. मधुमेह असल्यास ताजी नीराही डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

गरोदरपणी रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजतात. तो नुसत्या नीरेने वा उसळीने भरून निघत नाही. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोह व फॉलिक आम्लाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस घ्यावयाची असते. गोळीने शौचास काळे होते, ते पाहून अनेकजणी ती मध्येच सोडतात. हा रंग लोहाचा असतो. त्यासाठी गोळी बंद करू नये.