ऊर्जेचा भार आणि आकड्यांची साक्ष

कुटुंबाच्या उत्पन्नाचा जो भाग वीज आणि इंधन यांवर खर्च होतो, त्यास ‘ऊर्जाभार’ म्हणता येईल. अमेरिकेत हा भार 6 टक्क्यांहून अधिक झाल्यास तो जड मानण्याचा प्रघात आहे. तेथील 2020 सालच्या सरकारी पाहणीत 27 टक्के कुटुंबांनी बिल भागविताना अडचण आल्याचे किंवा खर्चापायी घर आरोग्यास अपायकारक तापमानात ठेवावे लागल्याचे नोंदविले.

भाड्याच्या बहुमजली इमारतींत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. बॉयलर आणि खिडक्या मालकाच्या. बिल मात्र पुष्कळदा भाडेकरू भरतो. सुधारणेचा खर्च एकाने करावा आणि लाभ दुसऱ्यास व्हावा, अशी स्थिती असल्याने सुधारणा लांबणीवर पडते.

कोणत्या इमारतीत ऊर्जा वाया जाते, हे ओळखावे कसे? न्यूयॉर्क शहराने 2009 साली कायदा करून 50,000 चौरस फुटांहून मोठ्या खाजगी इमारतींना वार्षिक ऊर्जावापर कळविणे बंधनकारक केले. 2016 साली ही मर्यादा 25,000 चौरस फुटांवर आणली. एकूण वापरास क्षेत्रफळाने भागून त्या वर्षीच्या थंडीचा हिशेब धरला, म्हणजे इमारतींची परस्परांशी तुलना करता येते.

परंतु कमी वापर म्हणजे काटकसरच असे नव्हे. बिलाच्या धास्तीने एखादे कुटुंब थंडीत कुडकुडतही असेल. म्हणून वापराच्या आकड्यांशेजारी उत्पन्नाचे आकडेही मांडावे लागतात. केवळ बचतीकडे पाहिले, तर सर्वाधिक ऊर्जा वापरणाऱ्या इमारतींचाच विचार होईल आणि ज्यांना पुरेशी ऊब मिळत नाही, ते नजरेआडच राहतील.